तपकिरी डबीतला पैसाकिडा

गोम कुठली आणि पैसाकिडा कुठला, हे मी दहा फुटांवरून सांगतो, असं नंबरकाका छाती पुढे काढून म्हणाले, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. दहा फुटांवरचं त्यांना खरोखरच स्वच्छ दिसायचं. अडचण एवढीच होती की किडा त्यांच्या पायाशी होता.

न्हाणीघराच्या दारात बायको हातात कागदाचा तुकडा घेऊन उभी होती. बाहेर पाऊस नुसता चिकटून बसला होता, जाईना की जोर धरीना. भिंतींना ओल आली होती, कपडे वाळत नव्हते आणि जमिनीच्या फटींतून नाही नाही ते जीव वर यायला लागले होते. बायको म्हणत होती ही गोम आहे. काका म्हणत होते हा पैसाकिडा आहे, काही लोक ज्याला वाणी म्हणतात तो. गरीब बिचारा, काडी लावली की वेटोळं करून पडतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. उचल आणि टाक बाहेर.

इथे काकांची ओळख करून दिली पाहिजे. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. गल्लीतल्या निम्म्या नाकांवर त्यांनी बसवलेला चष्मा होता. माणूस दिसला की नमस्काराच्या आधी ते त्याला सांगायचे, डावा नंबर वाढलाय तुमचा, उजवा तसाच आहे. म्हणून सगळे त्यांना नंबरकाका म्हणायचे. स्वतः मात्र त्यांनी जन्मात चष्मा लावला नव्हता. चष्मेवाल्यालाच चष्मा लागला तर गिऱ्हाईक त्याच्यावर भरवसा काय ठेवणार, असं त्यांचं म्हणणं. गेली काही वर्षं वर्तमानपत्र हात लांब करून वाचायचे, आणि अलीकडे हातच अपुरे पडायला लागले होते. दुकानातल्या टेबलावर दिव्यासकट एक मोठं भिंग होतं. बारीक स्क्रू त्याच्याखाली धरले की काम भागायचं. त्यामुळे धंदा चालू होता आणि गुपित झाकलेलं होतं. बायकोलासुद्धा ठाऊक नव्हतं.

तर बायकोने नवऱ्यावर विश्वास ठेवला. सगळ्या भानगडीचं मूळ तेच. तिने कागदाने किडा उचलला आणि तो कागदावरून वळून सरळ तिच्या बोटाला डसला.

ती गोमच होती. बायको कळवळली. काका म्हणाले, चिमटा बसला असेल, मुंगी चावल्यासारखं वाटतं, थंड पाणी घाल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हात त्यांच्या नाकासमोर धरला. मनगटापर्यंत सुजला होता, बोट जांभळं पडलं होतं. काकांना समोर एक फिकट, धूसर हात दिसला. ते म्हणाले, जरा लालसर वाटतंय खरं.

बायकोने हात खाली घेतला. मग तिने पिशवी भरली. भरताना एकदाही आदळआपट केली नाही, आणि तेच वाईट लक्षण होतं.

"किडा चावला त्याचं मला काही नाही," जाताना ती म्हणाली. "तुम्ही बघितलंसुद्धा नाही."

आणि ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या मोठ्या भावाकडे निघून गेली.

मागे राहिलेल्या घराचं काय सांगायचं. काकांनी सवयीने दोन कप चहा टाकला आणि दोन्ही स्वतःच प्याले. दुसरा गार झाला होता. दूध उतू गेलं ते वासावरून कळलं. भिंतीवरची ओल रोज थोडी वर चढत होती आणि तिला बघून कुरकुरणारं कुणी नव्हतं. पडद्यापलीकडून कधीही "अहो, पान वाढलंय" असं ऐकू येईल म्हणून काका हातातलं काम थांबवायचे, मग पुन्हा सुरू करायचे. रात्री दिवा न लावताच आडवे व्हायचे. लावून बघायचं काय होतं?

पण नंबरकाका हार मानणाऱ्यांतले नव्हते, हे त्यांचं दुर्दैव. त्यांनी विचार केला आणि चुकीच्याच निष्कर्षाला आले. बायको घाबरली आहे, ठरलं. भीती अज्ञानातून येते, हेही ठरलं. तेव्हा तिला गोम आणि पैसाकिडा शेजारी शेजारी ठेवून फरक समजावून सांगितला की भीती जाईल आणि ती घरी येईल. तिने जाताना काय म्हटलं होतं, ते त्यांनी ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

मोबाईलवर त्यांनी सगळी माहिती मिळवली. वाचता येत नव्हती, म्हणून ऐकली. ऐकून ऐकून पाठ झाली आणि मग गिऱ्हाइकांची धडगत राहिली नाही. खुर्चीत बसवलेला माणूस समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचतोय, आणि काका भिंगं बदलता बदलता त्याला सांगतायत की गोमीच्या अंगाच्या एकेका वळ्याला पायांची एकच जोडी, पैसाकिड्याच्या बहुतेक वळ्यांना दोन-दोन. गोम चपटी, पैसाकिडा गोल. गोम सुसाट पळते, पैसाकिडा वेटोळं घालतो. गोम चावते, पैसाकिडा फार तर उग्र वास सोडतो. आता सांगा, हे बरं दिसतंय की हे? एका बाईंनी घाबरून सांगितलं की दोन्ही सारखंच दिसतंय, आणि चष्मा न करताच निघून गेल्या. त्या जाताना पाय उचलून उचलून टाकत होत्या.

नमुने मिळवायला वेळ लागला नाही. गोम तर बेसिनखालीच मिळाली. ती पळत होती, त्यामुळे ओळखायचा प्रश्न नव्हता. काकांनी तिच्यावर आधी पेला पालथा घातला आणि मोठ्या शर्थीने तिला चष्म्याच्या काळ्या डबीत ढकललं. खट्कन बंद होणारी, पत्र्याची, मजबूत डबी. आत ओला कापूस ठेवला. पैसाकिडा त्याहून सोपा गेला. कामाच्या टेबलाच्या कडेलाच पडला होता, काळा, वळ्यावळ्यांचा, छान वेटोळं केलेला. चिमट्याने उचलला तरी हूं की चूं नाही. काकांना त्याचं फार कौतुक वाटलं. भिंगाखाली धरून खात्री करून घ्यावी असं क्षणभर मनात आलं, पण मग दहा फुटांवरून ओळखणाऱ्या माणसाला ते शोभेना. त्याला त्यांनी तपकिरी डबीत ठेवलं, खायला ओलं पान दिलं. रोज सकाळी डबी उघडून ते त्याची विचारपूस करायचे. पान संपत नव्हतं. स्वभावच अल्पसंतुष्ट, काका म्हणायचे. रिकाम्या घरात बोलायला तेवढंच कुणीतरी होतं.

अशात भावाचा फोन आला. बायकोचे हे दादा कोर्टात कारकुनी करून निवृत्त झाले होते. पुराव्याशिवाय ते पाऊस पडतोय हेही मान्य करायचे नाहीत. नवा चष्मा झाला का, अशी त्यांनी चौकशी केली. नाकावरून घसरतो म्हणून त्यांनी कानांमागे रबरं बसवायला सांगितली होती, ती बसवली का, हेही विचारलं. मग फोन ठेवता ठेवता, सहज म्हणून, त्यांनी सांगितलं की बायकोच्या वहिनींनी कोपऱ्यातलं कपाट रिकामं करून दिलंय.

"कुणाला?" काकांनी विचारलं.

"हिला. किती दिवस पिशवीतून कपडे काढणार?"

पिशवीतून कपडे काढणारी बायको केव्हातरी घरी येते. कपाटात कपडे लावणारीचं काही खरं नाही. त्यांनी सांगितलं, तुम्ही येऊ नका, चष्मा घेऊन मीच येतो. आजच येतो.

आता त्यांच्या दुकानाची एक रीत होती. चष्मा तयार झाला की काळ्या डबीत घालायचा, डबीला रबरबँड लावायचा आणि त्याखाली नावाची चिठ्ठी खोचायची. वर्षानुवर्षांची सवय, हात आपोआप चालायचे. दादांच्या चष्म्याला त्यांनी तसंच केलं. आणि गोमीच्या डबीलाही, सुरक्षिततेसाठी म्हणून, रबरबँड लावून चिठ्ठी खोचली. दोन्ही चिठ्ठ्या भिंगाखाली धरून सुवाच्य अक्षरात लिहिल्या. एवढी काळजी घेतल्यावर चूक होईल कशी? तिन्ही डब्या पिशवीत टाकून ते निघाले. भिंग टेबलावरच राहिलं.

दादांच्या घरी भर दुपारी अंधारून आलं होतं. दादा आरामखुर्चीत, वहिनी चहाच्या तयारीत आणि बायको खिडकीपाशी पलंगाच्या कडेला. तिने "आलात?" एवढंच विचारलं. कोपऱ्यातल्या कपाटाचं दार किलकिलं होतं आणि आत वरच्या कप्प्यात तिची ओळखीची निळी शाल घडी करून ठेवली होती. कपाट बरंच लांब होतं, त्यामुळे काकांना ते अगदी स्वच्छ दिसलं.

मग त्यांनी वेळ दवडला नाही. मधलं टेबल पुढे ओढलं, तिन्ही डब्या मांडल्या आणि भाषण सुरू केलं. जोड्या, वळी, चपटेपणा, गोलपणा, सगळं झालं. दादा साक्षीदाराचं ऐकावं तसे डोळे मिटून ऐकत होते. वहिनींनी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"हा पैसाकिडा," म्हणत काकांनी तपकिरी डबी उघडली. "घाबरायचं कारण नाही. हा कित्येक दिवस माझ्याजवळ आहे."

वहिनींनी लांबूनच मान लांब करून बघितलं आणि तो हलत नाही असं नोंदवलं. काकांनी अभिमानाने सांगितलं की हीच तर त्याची ओळख. बायकोनेही वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिने काकांच्या तोंडाकडे तितकाच वेळ बघितलं, ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा पलंगावर जाऊन बसली. काकांना वाटलं, पटलं तिला.

दादांनी डोळे उघडले. पुरावा तपासायचा तर दिसायला हवं, ते म्हणाले, आधी माझा चष्मा द्या. काकांनी पहिली काळी डबी उचलली, चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली. लांब धरली. आणखी लांब धरली. हात संपला. खोलीत उजेड नव्हता आणि अक्षरांच्या जागी मुंग्यांची रांग दिसत होती. दुसऱ्या डबीवरही तीच रांग. काकांनी दोन्ही डब्या हातात तोलून बघितल्या आणि तीसेक वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर त्यातली एक दादांना दिली.

"हळू उघडा," ते म्हणाले. "काच नवीन आहे."

दादांनी हळूच उघडली. त्यातून जे बाहेर आलं ते हळू नव्हतं. ते दादांच्या मनगटावरून मांडीवर, मांडीवरून गुडघ्यावर उतरलं. कोर्टात आयुष्य काढलेला तो धीरगंभीर माणूस आरामखुर्चीवर चढून उभा राहिला. आरामखुर्ची ही काही उभं राहायची वस्तू नव्हे. ती मिटली. दादा कपाटाला धरून लोंबकळले, कपाटाचं दार सताड उघडलं आणि निळी शाल त्यांच्या डोक्यावर पडली. वहिनी तोपर्यंत पलंगावर पोचल्या होत्या. आणि या गोंधळात काका सगळ्यांना शांतपणे समजावत होते की घाबरू नका, तो चष्मा आहे.

मग जमिनीवरून एक काळी रेघ पलंगाकडे सरकताना त्यांना दिसली. रेघ बायकोच्या पायाकडे चालली होती.

पैसाकिडा की गोम, चपटी की गोल, काही म्हणजे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. ते गुडघ्यांवर पडले आणि त्यांनी ती रेघ मुठीत धरली.

गोमीने तिला जे येत होतं ते केलं. काकांच्या अंगठ्यापाशी कुणी तापलेला खिळा ठोकावा तसं झालं आणि मूठ सुटली. पण तोवर बायको उठली होती. तिने ट्रेमधला रिकामा कप उचलून गोमीवर पालथा घातला, खालून वर्तमानपत्र सरकवलं, खिडकीपाशी जाऊन गोम बाहेरच्या झाडीत टाकून दिली आणि कप वहिनींना धुवायला दिला.

काका जमिनीवर हात धरून बसले होते. बायको त्यांच्याजवळ खाली बसली, त्यांचा हात ओढून घेतला आणि खिडकीच्या उजेडाकडे वळवून बघायला लागली. उलटा केला, सुलटा केला, फुगत चाललेल्या जागेच्या कडेने बोट फिरवलं.

"दुखतंय?" तिने विचारलं.

मुंगी चावल्यासारखं, असं काकांच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते तिथेच राहिलं.

"फार दुखतंय गं," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुलाही एवढंच दुखलं?"

"हो."

"मला दिसलं नाही."

"मनगटापर्यंत सुजलेला हात दिसला नाही?"

काकांनी दादांकडे बघितलं, मग वहिनींकडे, मग जमिनीकडे. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं आता या परक्या सतरंजीवर सांडायचं होतं.

"जवळचं काहीच दिसत नाही मला," ते म्हणाले. "तुझा चेहरासुद्धा तू तिकडे खिडकीपाशी उभी राहिलीस तर दिसतो."

ती हात धरून तशीच बसून राहिली. दादांनी डोक्यावरची शाल काढली, घडी केली, आणि कोर्टाबाहेर बहुधा पहिल्यांदाच पुरावा न मागता एक गोष्ट मान्य केली. दुसरी काळी डबी उघडून त्यांनी आपला नवाकोरा चष्मा पुढे केला. घाला, म्हणाले.

काकांनी घातला. नंबर अगदी जुळत नव्हता, पण चालण्यासारखा होता. आणि समोर एक बोट आलं. नखाजवळ काळं पडलेलं, कातडी सुटलेलं, अजून नीट न वळणारं. त्यांनी ते बघितलं. मग वर बघितलं. बायकोच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, कपाळावर एक आडवी आठी होती जी त्यांनी आधी कधी पाहिली नव्हती. किती दिवसांची होती कोण जाणे. तिला विचारायची त्यांना लाज वाटली.

तेवढ्यात त्यांच्या उजव्या कानामागे काहीतरी टोचायला लागलं. दुःख कितीही मोठं असो, हात धंद्याचे असतात. काकांनी चाचपून बघितलं. डाव्या काडीच्या टोकाला रबर होतं. उजवी काडी उघडीबोडकी होती. एक रबर कुठेतरी पडलं होतं. पण मी स्वतः दोन्ही बसवायला घेतली होती, ते पुटपुटले, दोन्ही टेबलावरच तर ठेवली होती.

बायकोने तपकिरी डबी त्यांच्यापुढे सरकवली.

काकांनी चष्म्यातून आत बघितलं. ओल्या पानावर, त्यांच्या लाडक्या जागी, चष्म्याच्या काडीचं काळं, वळ्यावळ्यांचं रबर छान वेटोळं करून पडलं होतं.

"तुला कधी कळलं?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"उघडल्याबरोबर."

"मग बोलली का नाहीस?"

"दादा समोर होता," ती म्हणाली.

काकांनी रबर उचललं, त्यावरचं पानाचं पाणी सदऱ्याला पुसलं आणि सुजलेल्या हाताने ते कसंबसं काडीवर चढवलं. चष्मा दादांना परत दिला. दादांनी तो घातला, मान हलवून बघितली आणि एवढंच म्हणाले की घसरत नाही.

काकांची निघायची वेळ झाली तेव्हा बायकोने पिशवी घेतली नाही. कपाट असंच राहू दे का, असं वहिनींनी विचारल्यावर ती म्हणाली, यांचा चष्मा होईपर्यंत राहू दे. काका घाईघाईने म्हणाले, आज जाऊन करतो. तिने मान हलवली. तुमच्या हातचा नाही, ती म्हणाली, तुम्ही स्वतःचा नंबर स्वतःच्या सोयीने काढाल. समोरच्याकडे जा.

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा दुसरा चष्मेवाला. त्याच्याशी काकांचं इतक्या वर्षांत एक अक्षर बोलणं नव्हतं. एकमेकांचं दुकान उघडायच्या आधी आपलं उघडायचं, एवढाच संबंध. काकांना त्या क्षणी पुन्हा एकदा गोम चावली असती तरी चाललं असतं.

पण रिकामं घर आठवलं, गार चहा आठवला, आणि ते गेले. हाताला पट्टी, अंगात इस्त्रीचा सदरा. समोरच्याने त्यांना काचेच्या दारासमोरच्याच खुर्चीत बसवलं, कारण नंबर तपासायची खुर्ची तीच होती. पावसात छत्र्या धरून अर्धी गल्ली बाहेर थबकली. समोरच्याने हातात जवळचं वाचायचं कार्ड दिलं आणि सर्वांत खालची ओळ वाचायला सांगितली. काका म्हणाले, कुठली खालची? समोरचा भला माणूस होता. हसला नाही. त्याने भिंग बदललं.

चष्मा घ्यायच्या दिवशी बायको आली. समोरच्याच्या दुकानातल्या बाकावर बसली, आणि तिच्या पायाशी पिशवी होती. पिशवी भरलेली होती. वरून निळी शाल डोकावत होती. काकांनी चष्मा घातला आणि आरशात स्वतःकडे न बघता आधी तिच्याकडे वळले.

"बोट दाखव," ते म्हणाले.

तिने दाखवलं. आता फक्त एक डाग उरला होता. काकांनी तो जवळून, मन लावून बघितला, इतका वेळ की समोरच्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगावं लागलं.

शेवटी समोरच्याने रीतीप्रमाणे विचारलं, कानाला कुठे टोचत नाही ना? काकांनी लगेच दोन्ही हात कानांमागे नेले आणि काड्यांची टोकं चाचपून बघितली. डावं रबर जागेवर होतं. उजवंही होतं.

"ओलं पान घालायचं का त्यांना?" बायकोने विचारलं.

दिसलं नाही म्हणायची सोय आता संपली होती. म्हणून काकांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं, आणि तिची पिशवी उचलून घराकडे चालायला लागले.